आक्का, तुझा शब्द मी कापला

आक्का, तू गेल्याचं तुझ्या महेशनं कळवलं, तेव्हा पुण्यातल्या त्या कार्यक्रमाला नऊ दिवस झाले होते. दोन हजार सालाच्या आसपासचे, फारसे कुणी न पाहिलेले माहितीपट आणि मैफलींची रेकॉर्डिंग्ज काही तरुण मुलं शोधून शोधून दाखवत होती. त्यात आपला ‘पाण्याखालचं जातं’ होता. पिक्चर संपल्यावर मी वीस मिनिटं बोलले. तुझा उल्लेख दोनदा केला, दोन्ही वेळा ‘आमचा कॅमेरा सांभाळणाऱ्या एक ताई’ असा. शालन हे नाव माझ्या तोंडून आलं नाही. ते दाखवणाऱ्यांपैकीच एका मुलीनं विचारलं, “त्या आजी कॅमेऱ्यासमोर इतकं मनातलं कशा बोलल्या?” मी म्हणाले, “माणसांचा विश्वास मिळवावा लागतो.” तिनं ते वहीत लिहून घेतलं.

हे तुला कधीच कळू नये असं मला वाटत होतं. आता कळायचा प्रश्न उरला नाही, तर मी आपणहून सांगत बसलेय.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी बावीस वर्षांची होते. पुण्यात सहा महिन्यांचा एडिटिंगचा कोर्स केला होता, पिक्चर बनवणार होते, आणि बारामतीच्या एका बोळातल्या मिक्सिंग सेंटरमध्ये बसून लग्नाच्या कॅसेटींत नवरा-नवरीला बदामात बसवत होते. तू दुपारी आलीस. पदर कमरेला खोचलेला, हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत सात कॅसेटी.

“इंदापूरहून आलीय. मिक्सिंग करायचंय,” तू म्हणालीस. “बदाम नगं.”

आमच्याकडं येणारा प्रत्येक जण बदाम जास्त मागायचा. मी तुझ्याकडं नीट बघितलं ते तेव्हा. तुझ्या मालकांचा फोटो स्टुडिओ होता, पक्षाघातानं त्यांचा उजवा हात गेला आणि तू खांद्यावर कॅमेरा घेतलास, हे मला नंतर कळलं. सुरुवातीला लोक हसले. मग हळदीला बायकांतच उठबस करणारी शूटिंगवाली बाई त्यांना बरी वाटायला लागली.

त्या सातातल्या एका कॅसेटीत नवरीचा बाप होता. मांडवामागं, स्वयंपाकाच्या पातेल्यांपाशी उभा राहून तो चष्मा पुसत होता. तू दीड मिनिट त्याच्यावर थांबली होतीस. सेंटरचे मालक म्हणाले, हे उडव, गिऱ्हाईक वैतागेल. मी तुला विचारलं. तू म्हणालीस, “त्यो ठेव. पोरगी सासरला जाऊन कॅसेट बगंल, तवा तिला बाप दिसाय पायजे.”

पुण्याच्या कोर्समध्ये मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

तुझी इंदापूरची यष्टी चारला असायची. त्याआधीचे दोन तास आपण पुण्याहून मी आणलेल्या कॉपी कॅसेटी बघत बसायचो. कुठल्या तरी परदेशातला, एकही शब्द न बोलणारा मासेमारांवरचा माहितीपट तू तीन वेळा लावायला सांगितलास. जाळं ओढताना त्यांचे हात तुझ्या माहेरच्या, पळसदेवच्या कोळ्यांसारखेच दिसतात, असं तुझं म्हणणं. एका म्हाताऱ्या गायकाच्या मैफलीचं रेकॉर्डिंग होतं. गायक रंगात आला की कॅमेरा टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडं पळायचा. तू वैतागलीस. “ह्यो शूटिंगवाला ऐकतच न्हाय. ऐकणारा असा मान फिरवतोय व्हय?” आणि एक कुंभारावरचा होता. बायकोचं नाव निघाल्यावर म्हातारा तोंड फिरवतो आणि कॅमेरा वळसा घालून पुन्हा त्याच्या तोंडासमोर जातो. मला तो शॉट फार आवडायचा. तू उठून टीव्ही बंद केलास.

“त्येनं तोंड फिरवलंय ना?” तू म्हणालीस. “मग?”

“पण आक्का, त्यामुळंच तर ते पोचतं.”

“कुणाला पोचतं? त्येला इचारलं का कुणी?”

हा आपला वाद तिथं सुरू झाला आणि आजवर संपला नाही. मी तुला मागासलेली समजत होते, हेही सांगून टाकते. मनात म्हणायचे, आक्काची नजर उपजत आहे, पण तिला कला कळत नाही.

मग तो उन्हाळा आला. उजनी धरणाचं पाणी फार खाली गेलं आणि पळसदेवचं जुनं देऊळ पायऱ्यांसकट उघडं पडलं. तू पंधराची असताना गाव धरणात गेलं आणि उठलं होतं. तू मुद्दाम बूथवरून फोन केलास. “नीते, गाव वर आलंय. लोक आपापली घरं हुडकत्याती. ये.”

चिखल वाळून भेगाळला होता आणि पायाखाली शिंपले मोडत होते. म्हातारी माणसं काठीनं जमिनीवर रेघा ओढत होती, हितं उंबरा, हितं गोठा. एक नवरा-बायको आपला लिंब नेमका कुठं होता यावरून भांडत होते. तू कुणालाच काही विचारलं नाहीस. नुसती मागं मागं फिरलीस.

दुपारी देवळाच्या पायरीवर यमुनामावशी बसल्या. तुझा भाऊ दिगंबर, त्याची बायको सिंधू, आणि सिंधूची आई म्हणजे मावशी. गावातल्या गावातच सोयरीक. मावशींनी जात्यावरच्या ओव्या म्हणायला सुरुवात केली आणि सव्वा तास म्हणत राहिल्या. भोवती पंधरा-वीस बायका, कुणी खोकलंसुद्धा नाही. तू तो जड कॅमेरा खांद्यावर घेऊन जागची हलली नाहीस. मी फक्त बॅटरी बदलून दिली. नंतर पैसे मोजून, मऊ खुर्च्यांवर बसून मी पुष्कळ मैफली ऐकल्या. तशी एकही नाही.

बायका भाकरी खायला उठल्या. मावशी तिथंच राहिल्या, म्हणून तूही राहिलीस. तेव्हा त्यांनी एकटीनं एक ओवी म्हटली.

जातं गेलं पाण्याखाली, कुठं बसून मी दळू
लेक माझी कौसाबाई, सय येती, कुणा बोलू

कौसा म्हणजे त्यांची थोरली. गाव उठलं त्या साली ती चढत्या पाण्यात बुडाली, हे सगळ्या पळसदेवला माहीत होतं. मग मावशी म्हणाल्या, “कौसी बुडाली न्हाय. परजातीच्या पोराचा हात धरून पाण्यापल्याड गेली, करमाळ्याच्या अंगाला. तिच्या बापानं आन् भावांनी बुडाली म्हणून सांगितलं. पाणी चढत हुतं, कोण बगाय जातंय. धाकटीला बी त्येच सांगितलं. जित्या लेकीचं तेरावं केलं मी.”

मग त्यांनी श्वास घेतला आणि सरळ तुझ्याकडं बघितलं. “शाले, ह्ये मी असेस्तवर कुणाला दावू नगं. सिंधीला बी न्हाय.”

कॅमेऱ्यामागून तुझा आवाज आला. “न्हाय दावत मावशी. शब्द हाय माझा.”

परतताना फाट्यावर यष्टीची वाट बघताना तू मला पुन्हा सांगितलंस, “त्ये शेवटचं वापरायचं न्हाय.” मी मान हलवली.

ते शूटिंग जवळजवळ वर्षभर माझ्या टेबलावर होतं. सुट्टीच्या दिवशी सेंटरच्या मशीनवर मी पिक्चर कापत होते, आणि त्या बोलण्याशिवाय मला सगळं भुईला लोळल्यासारखं वाटत होतं. ओव्या, देऊळ, काठीनं ओढलेल्या रेघा, सगळं छान, पण कशासाठी, हे कळत नव्हतं. मी मनाशी म्हणाले, पुण्यातल्या एका छोट्या महोत्सवात पन्नास माणसं बघतील. त्यांत पळसदेवचं कोण असणार?

‘तेरावं केलं मी’ इथपर्यंत मी ठेवलं. पुढचा श्वासही ठेवला, कारण तो ऐकायला चांगला वाटत होता. त्यानंतरचं उडवलं. मावशींची विनवणी आणि तुझा शब्द. तुझा शब्द साडेचार सेकंदांचा होता.

तुला दाखवायला मी वेगळी कॅसेट केली, ते बोलणं नसलेली. तू ती बघितलीस, शेवटी कॅमेरा म्हणून तुझं नाव आलं तेव्हा पदर सावरलास आणि म्हणालीस, “बेस झालंय. मावशी ऐकू येती नीट.” मी तुझ्यासाठी चहा सांगितला. आक्का, त्या क्षणी माझा हात थरथरला असता तरी आज बरं वाटलं असतं. तो थरथरला नाही. मी खूष होते.

महोत्सवात बक्षीस मिळालं. परीक्षकांनी नेमकं त्याच बोलण्याचं कौतुक केलं. मग आमच्या भागातल्या केबलवाल्याला अभिमान वाटला, गावची पोरगी म्हणून त्यानं कॅसेट मागितली. दोन्ही कॅसेटी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी होत्या. तो म्हणाला, “बक्षीस मिळालंय तीच द्या.” मी तीच दिली. ते केबल इंदापूरकडंही दिसतं, हायवेच्या गावांतही दिसतं, हे मला माहीत नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. माहीत होतं.

केबलवर पिक्चर लागल्यावर तिसऱ्या दिवशी तू आलीस. हातात पिशवी नव्हती.

मावशींचे दोन्ही मुलगे तुझ्या स्टुडिओत येऊन गेले होते. सोबत सिंधू. आत तुझे मालक अंथरुणावर. त्या तिघांनी आरडाओरडा केला नाही, एवढंच विचारलं, कुणी दावलं? तू म्हणालीस, मी.

“माझं नाव का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“शब्द मी दिला हुता. तू कुठं दिला हुतास?”

“आक्का, त्याच्याशिवाय पिक्चर उभा राहत नव्हता.”

“मग पडू द्यायचा.”

इतकंच बोललीस. मला तेव्हा राग आला होता. तू ओरडली असतीस तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. तू स्टुलावर बसलीस, पाणी प्यालीस आणि म्हणालीस, “बेस्तरवारी मी पळसदेवला जाणार हाय, मावशीच्या पाया पडाय. तू संगं ये. काय बोलू नगं. नुसती उभी ऱ्हा.”

“येते,” मी म्हणाले.

“अकराच्या यष्टीनं ये. मी फाट्यावर थांबते.”

बुधवारी मुंबईहून फोन आला. एका चॅनेलला एडिटर हवे होते, त्या महोत्सवात कुणीतरी माझं नाव ऐकलं होतं, मुलाखत त्याच गुरुवारी. मी तुझ्या स्टुडिओचा नंबर फिरवला. दोनदा रिंग वाजली आणि मी फोन ठेवला. ज्या बोलण्यामुळं तुझ्यावर ती वेळ आली होती, त्याच बोलण्याच्या जोरावर मी मुंबईला गेले, आणि मला नोकरी मिळाली.

महिन्यानं मी फोन केला तेव्हा तू माझ्या खोलीची, जेवणाची चौकशी केलीस. मग म्हणालीस, “दोन यष्ट्या बघितल्या त्या दिवशी. मग गेले एकलीच.” मावशी बाहेर आल्या नव्हत्या. सिंधूनं दार लावून घेतलं होतं.

त्यानंतर दिगंबर भाऊबीजेला आला नाही. त्या वर्षीही नाही आणि पुढंही नाही. दोन वर्षांनी मावशी गेल्या, ते तुला यष्टीत शेजारी बसलेल्या एका बाईकडून कळलं. पळसदेव आणि आसपासच्या गावांतली लग्नं तुझ्याकडं यायची थांबली. तुझे मालकही गेले. पुढं सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि स्टुडिओच्या जागी महेशनं मोबाइलचं दुकान टाकलं. यातलं काहीही तू तक्रारीच्या सुरात सांगितलं नाहीस. मी विचारायचे, तू उत्तर द्यायचीस, मी विषय बदलायचे.

आणि तरीही तू मला सोडलं नाहीस, हे मला आजही उमगत नाही. दिवाळीला मी बारामतीला आले की तू डाळिंबं घेऊन यायचीस. माझ्या मालिका तू बघायचीस, मी कापलेल्या म्हणून. एकदा फोन करून म्हणालीस, “त्या रडायच्या येळंला सारखी तोंडं बदलतीस. कुणाचंच रडं पुरं हुईना.” मी हसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका प्रसंगात मी आईच्या चेहऱ्यावर वीस सेकंद थांबले. वरचे साहेब ओरडले, पण तो प्रसंग लोकांच्या लक्षात राहिला. माझ्या कामात जे थोडंफार धड आहे, ते तुझ्याकडून आलेलं आहे. हे मी कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही.

दर वर्षी मी ठरवून यायचे, आज आक्काला म्हणायचं, चल, पळसदेवला जाऊ, मी सिंधूला सांगते. एकदा तर सुरुवातही केली. तू चुलीपाशी भाकरी करत होतीस. मी म्हणाले, “आक्का, त्या गुरुवारी मी...” तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, “चटणी वाढू का आनखी?” मी ताट पुढं केलं. तू मला माफ केलंस, असा मी त्याचा अर्थ लावला. दुसरा कुठला अर्थ निघतो का, ते मी बघितलंच नाही. मला तो सोयीचा होता.

मग हा पुण्याचा कार्यक्रम. पिक्चर कुणीतरी इंटरनेटवर टाकला होता, तिथून त्या मुलांना सापडला. मी तुला फोन केला. वाटलं, तुला स्टेजवर बोलावलं, शाल दिली, की काहीतरी फिटेल.

“त्यात मावशीचं शेवटचं बोलणं हाय का?” तू विचारलंस.

“आहे.”

“सिंधूला इचारलंस?”

“आक्का, आता इतक्या वर्षांनी...”

“इचार आन् मग सांग. मी यीन.”

मी म्हणाले, दिवस फार थोडे उरलेत, बघते. तू म्हणालीस, “बरं. नळाला पाणी आलंय, भरून घेते.” आणि फोन ठेवलास. हे आपलं शेवटचं बोलणं. मी सिंधूला विचारलं नाही. तिचा नंबर मिळवायचासुद्धा प्रयत्न केला नाही.

अंगण झाडता झाडता गेलीस, असं महेश म्हणाला. मी इंदापूरला पोचले तेव्हा तुला जाऊन आठवा दिवस होता. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत तुझा फोटो, तोही कुणाच्या तरी लग्नात मोबाइलवर काढलेला. आयुष्यभर इतरांना फोकसमध्ये धरलंस आणि तुझा फोटो जरासा हललेला.

“मामाला कळवलं हुतं,” महेश म्हणाला. “पळसदेवचं कुणी आलं न्हाय.” मग तो म्हणाला, “त्यांची बी काय चूक. आईनं तवा तसं कराय नको हुतं. मावशीला शब्द देऊन वर टीव्हीवर दावलं.”

आक्का, तू पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतंस.

मी त्याच्यासमोर बसले होते आणि माझ्याकडून काही बोलवलं नाही. पुन्हा नाही बोलवलं. मी उठले, बाहेर आले, आणि रिक्षावाल्याला पळसदेव म्हणाले.

सिंधू अंगणात वांगी क्रेटमध्ये भरत होती. केस पांढरे झालेत. दिगंबर पलीकडं पाइप जोडत होता. मी माझं नाव सांगितलं.

“वळखलं,” ती म्हणाली. “बसा.”

मी बसले नाही. उभ्या उभ्या सांगितलं. मावशींनी काय सांगितलं होतं, तू काय शब्द दिला होतास, मी तो कसा कापला, तुला दुसरी कॅसेट कशी दाखवली, फाट्यावर तुला कशी उभी ठेवली. ती वांगी निवडत ऐकत होती. मी थांबले तेव्हा तिचे हात थांबले.

“म्हंजी आक्काला ठावंच नव्हतं?”

“नव्हतं. केबलवर लागल्यावर कळलं.”

“मग तिनं मी म्हणून का सांगितलं?”

“शब्द तिचा होता म्हणून.”

तिनं हातातलं वांगं क्रेटमध्ये ठेवलं. “मी आक्कावर का चिडले, ठावं हाय तुमाला?”

“तुमच्या घरातली गोष्ट बाहेर काढली म्हणून.”

“न्हाय.” ती अगदी शांतपणे बोलत होती. “माझी बहीण जिती हाय, ह्ये आक्काला वरीसभर ठावं हुतं. हितं येऊन माझ्या हातचं जेवून जायची. मला बोलली न्हाय. आईला शब्द दिला म्हणून बोलली न्हाय, तर त्ये मी समजले आसते. माझीच आई ती. पर मला सांगितलं न्हाय आन् साऱ्या गावाला टीव्हीवर सांगितलं, ह्येच डोक्यात बसलं. मी घरची असून एवढी परकी झाले का, म्हणलं. त्येच धरून बसले आजपतूर.”

मग ती म्हणाली, “तिनं शब्द पाळला हुता की मग.”

इतकी वर्षं मी समजत होते की तुझं माहेर त्या बोलण्यामुळं तुटलं. ते माझ्या गप्प बसण्यामुळं तुटलं होतं. मी त्या गुरुवारी आले असते, फाट्यावरून तुझ्याबरोबर चालत जाऊन या बाईसमोर ‘हिनं नाही, मी दाखवलं’ एवढं म्हणाले असते, तर पुढच्या दिवाळीला दिगंबर तुझ्या दारात असता. तू मला काही बोलू नको म्हणाली होतीस. पण मी उभी राहिले असते तर बोलले असते, हे तुला माहीत असणार. म्हणूनच बोलावलं असशील.

आणि ऐक, इतकं होऊनही मी काय केलं. मी विचारलं, “कौसाताई सापडल्या का?”

सिंधूनं माझ्याकडं बघितलं. “सापडली. पर त्ये तुमाला न्हाय सांगायचं. त्ये आमचं हाय.”

मला माझी लाज वाटली. खरोखर, अंगावरचे कपडे उतरल्यासारखी.

दिगंबर कधी जवळ आला ते कळलं नाही. त्यानं सगळं ऐकलं होतं. उलट्या क्रेटवर तो बसला आणि कुणाकडं न बघता म्हणाला, “दर भाऊबीजंला सांगावा धाडायची. मीच न्हाय गेलो.”

“गाडी काढा,” सिंधू म्हणाली.

“दहावा परवा हाय.”

“आत्ता काढा.” मग मला म्हणाली, “महेशला ह्ये ठावं हाय?”

“नाही.”

“मग त्येला तुमी सांगा. मी न्हाय सांगणार.”

मला त्यांनी गाडीत घेतलं, मागच्या सीटवर. वाटेत मी पुण्याच्या त्या मुलीला फोन केला आणि सांगितलं, पिक्चर इंटरनेटवरून उतरवायला बघा, आणि पुन्हा कुठं दाखवू नका. ती म्हणाली, “ताई, पण का?” मी म्हणाले, “कॅमेरा शालन आक्कांचा होता. त्यांनी कुणाला तरी शब्द दिला होता आणि मी तो मोडला.” शालन कोण, असं तिनं विचारलं. पडद्यावर शेवटी नाव येऊन जातं, पण मी ते तिच्यासमोर कधी उच्चारलं होतं?

दुकानाच्या दारात दिगंबरच्या चपला निघेनात. सिंधूनं त्याला हाताला धरून आत नेलं. तुझ्या फोटोसमोर तो उभा राहिला, मग खाली बसला आणि लहान मुलासारखा ‘आक्के, आक्के’ म्हणत राहिला. महेश गांगरून सगळ्यांकडं बघत होता. मामाला त्यानं नीट ओळखलंसुद्धा नसावं.

मी म्हणाले, “महेश, चूक तुझ्या आईची नव्हती. ते बोलणं मी घातलं आणि मी दाखवलं. तिला माहीत नव्हतं. तिनं माझ्यावर येऊ दिलं नाही.”

तो आत गेला. पाण्याचा तांब्या आणि दोन पेले घेऊन आला. एक मामासमोर ठेवला, एक मामीच्या हातात दिला. माझ्यासमोरून तो तांब्या परत आत घेऊन गेला.

मी दाराजवळच्या भिंतीला टेकून बसले. आक्का, तुझं माहेर तुझ्या घरात बसलं होतं. सिंधू महेशच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तू लहानपणी देवळाच्या पायरीवरून पाण्यात कशी उडी मारायचीस, ते दिगंबर त्याला सांगत होता. मी मात्र ते फक्त ऐकत होते.